नववी-दहावीचं विज्ञानाचं सामान घेताय? आधी हे वाचा, मग यादी पाठवा

नमस्कार सर, नमस्कार मॅडम,

आमचं दुकान कोल्हापुरात राजारामपुरीत, छोटंच आहे. आम्ही माध्यमिक शाळांना प्रयोगाचं सामान पुरवतो आणि वर्षभर तेच तेच प्रश्न फोनवर येतात, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढू.

पहिली गोष्ट, नग जास्त घेऊ नका, सेट जास्त घ्या. वेतनेतर अनुदान (पगार सोडून बाकी खर्चासाठी शाळेला मिळणारे सरकारी पैसे) हातात आलं की मार्च एंडला चाळीस वस्तूंची यादी येते, प्रत्येकी एक नग, डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या वहीत, नोंद होते आणि सामान कपाटात. आता तुकडीत 60 पोरं, टेबलावर एक सेट, पुढचे चार जण बघणार आणि बाकीचे पुढच्यांची डोकी बघणार. त्यापेक्षा चारच प्रयोग निवडा, पण प्रत्येकाचे 6 सेट घ्या, म्हणजे 30 ची बॅच केली तरी पाच-पाच जणांच्या हातात वस्तू येते. दहावीला लेखी 80 आणि प्रात्यक्षिक-अंतर्गतचे 20 मार्क आहेत, पण ते मार्कांपुरतं झालं. काचेच्या चिपेतनं जाताना प्रकाश कसा वाकतो (अपवर्तन) तो प्रयोग वर्गातल्या डिजिटल पॅनलवर व्हिडिओत एकदम झकास दिसतो, पण टाचण्या एका रेषेत आणताना मान वाकडी करून एक डोळा मिटायला लागतो ते व्हिडिओत कुठं येतंय. (टाचण्यांची टोकं नाही, बूड बघायचं, आणि दोन टाचण्यांत चार-पाच सेंमी तरी अंतर ठेवायचं, नाहीतर अपवर्तनांक 1.5 च्या जवळपास सुद्धा येत नाही आणि दोष आमच्या काचेला!)

ओहमच्या नियमाचा (तापमान कायम असताना व्होल्टेज वाढेल त्याच प्रमाणात तारेतली विद्युतधारा वाढते) फोन तर ठरलेला. "तुमचा अ‍ॅमीटर खराब आहे, आलेख सरळ येत नाही." विचारलं की कळतं, निक्रोमच्या तारेऐवजी टॉर्चचा बल्ब लावलेला असतो. बल्बची तार तापते, तापली की तिचा रोध वाढतो, मग आलेख वाकणारच, मीटर बिचारा बरोबरच सांगतोय. उलट आम्ही म्हणतो दोन्ही करून दाखवा, आधी तार मग बल्ब, तापमान कायम असताना असं नियमात का लिहिलंय ते पोरांना तिथंच कळतं. फक्त अ‍ॅमीटर समांतर जोडू देऊ नका, तो जळाला तर बदलून मिळणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

भिंग घेताना आमच्या माणसासमोरच तपासा, दोन मिनिटांचं काम आहे. खिडकीकडं धरायचं, मागं पांढरा कागद, मैदानापलीकडची झाडं उलटी आणि स्पष्ट दिसली की भिंगापासून कागदापर्यंतचं अंतर मोजायचं. 10 सेंमी नाभीय अंतराचं भिंग म्हटलंय तर साधारण 10 च यायला पाहिजे.

आता आमची चूक पण सांगतो. मागं होपच्या उपकरणाबरोबर (पाणी गार करत वर-खाली दोन थर्मामीटरनं तापमान बघायचं भांडं) थर्मामीटर पाठवले, एसटीच्या पार्सलातनं धक्के खात गेले आणि आतला लाल धागा मधेच तुटला. आम्ही न तपासता पाठवलेले. वरच्या थर्मामीटरचं वाचन भलतंच यायला लागलं आणि त्या सरांचा तास वाया गेला, पाणी 4 अंशाला सगळ्यात जड असतं हे दाखवायचं होतं ते राहूनच गेलं. तेव्हापासून थर्मामीटर आम्ही हातानंच पोचवतो. तरी तुटलाच तर फेकू नका, बर्फात मीठ घालून त्यात थर्मामीटरचा फुगा बुडवून ठेवा, धागा सगळा खाली उतरून जोडला गेला की उभा धरूनच बाहेर काढा. पाऱ्याचे आम्ही देतच नाही, फुटला की सगळी भानगड.

काही गोष्टी आमच्याकडनं घेऊच नका. मोरचूद (कॉपर सल्फेट) कृषी सेवा केंद्रात मिळतं, खिळे हार्डवेअरला. खिळा पॉलिश पेपरनं घासून मोरचुदाच्या पाण्यात ठेवला की थोड्या वेळानं त्याच्यावर तांबूस थर चढतो, पाण्याचा निळा रंग फिका हिरवट व्हायला लागतो. आम्ल की आम्लारी ते रंगावरनं ओळखायच्या दर्शकाला हळद आणि जास्वंद बास. आणि गुऱ्हाळ तर आपल्याकडं जवळच असतंय, उसाच्या रसात चुना का टाकतात ते गुळव्यालाच विचारायला लावा पोरांना, रस थोडा आम्लधर्मी असतो, चुना तो आंबटपणा मारतो. उदासिनीकरणाचा धडा कढईवरच होतो.

पावसाळ्याचं मात्र मनावर घ्या, विशेषतः गगनबावडा, राधानगरीकडच्या शाळांनी. कॉस्टिक सोड्याचं झाकण सैल राहिलं की गोळ्यांचं पाणी होतं, मायक्रोस्कोपच्या भिंगांवर बुरशी चढते. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा, निळी गुलाबी झाली की ओली झाली समजा, तापवून परत निळी होते. पट्टीचुंबक सुटे टाकू नका, विरुद्ध ध्रुव शेजारी येतील असे जोडीनं ठेवा आणि दोन्ही टोकांना लोखंडी पट्ट्या लावा, नाहीतर दोन वर्षांत टाचणी पण उचलत नाहीत.

कोटेशन, जीएसटी बिल सगळं मिळेल. यादी पाठवताना वस्तूंच्या आधी एवढं लिहा, तुकडीत पोरं किती आणि बॅच कितीची करता, किती सेट लागतील ते आम्ही काढून देतो.