क्रूसेडर राज्यांमधली पत्रं, सनदा आणि फिर्यादी

पहिल्या क्रूसेडच्या (जेरुसलेम मुसलमानांकडून घ्यायला निघालेल्या ख्रिश्चन मोहिमेच्या) जोरावर युरोपातून आलेल्या लोकांनी भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर चार राज्यं थाटली. एडेसा आणि अँटिऑक १०९८ ला, जेरुसलेम १०९९ ला आणि त्रिपोली ११०९ ला (लेबनॉनमधलं त्रिपोली, लिबियातलं नाही). एडेसा ११४४ लाच गेलं, बाकीची कमीजास्त तग धरून राहिली आणि १२९१ मध्ये अक्को बंदर पडल्यावर किनाऱ्यावरचा सगळाच कारभार आटोपला. या जवळपास दोनशे वर्षांत तिथल्या राजांनी, सरदारांनी, बिशपांनी आणि लष्करी संघांनी (धर्माची शपथ घेतलेल्या लढवय्यांच्या संघटना, मुख्य दोन हॉस्पिटलर आणि टेम्पलर) दिलेल्या सनदा, युरोपला धाडलेली पत्रं आणि लोकांनी राजापुढे मांडलेल्या फिर्यादी, यांच्याबद्दल ही नोंद आहे.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी, पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. जेरुसलेमच्या राजांचं स्वतःचं दप्तर आज शिल्लक नाही. जे उरलंय ते सनदा ज्यांना मिळाल्या त्यांनी सांभाळलेलं, म्हणजे मठ, चर्च, हॉस्पिटलर संघ आणि इटलीतली व्यापारी शहरं. त्यामुळे हे कागद ओळीने वाचत गेलं की वाटायला लागतं राजाला दानधर्म करणं आणि व्हेनिसवाल्यांना सवलती देणं सोडून दुसरा उद्योगच नव्हता, पण तसं नाही, ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालणारी संस्था होती त्यांचेच कागद टिकले आणि एखाद्या साध्या सरदाराची सनद त्याचं घराणं बुडालं की त्याच्याबरोबरच गेली.

सनद कशी असायची

बाराव्या शतकातली राजाची सनद लॅटिनमध्ये असते, फ्रेंचचा जोर तेराव्या शतकात वाढला. सुरुवात पवित्र त्रयीच्या नावाने, मग राजाचं नाव आणि बिरुद, 'देवाच्या कृपेने जेरुसलेम या पवित्र नगरीतला लॅटिनांचा राजा' (लॅटिन म्हणजे पश्चिम युरोपातले, पोपला मानणारे ख्रिश्चन), वर तो कितवा राजा तेही. मग काय दिलं त्याचा तपशील: गाव, गावातली कुळं, पडीक जमीन, गिरणी, पावभट्टी, नाहीतर बंदराच्या उत्पन्नातून वर्षाला अमुक इतके बेझंट, म्हणजे तिथलं सोन्याचं नाणं. कुळं गावाबरोबरच दिली जायची, कधीकधी नावानिशी, आणि अशा याद्यांत अरबी नावं लॅटिन कारकुनाला जशी ऐकू आली तशी उतरलेली आहेत. या माणसांबद्दल आपल्याकडे बऱ्याचदा तेवढंच, एक वेडंवाकडं नाव. शेवटी साक्षीदारांची यादी, साधारणपणे आधी धर्मगुरू मग सरदार. अभ्यासकांना खरा माल सापडतो तो या यादीत, कारण कोणाचं नाव कधी वर चढलं, कोणाचं अचानक गायब झालं यावरून दरबारातलं राजकारण बरंच कळतं.

मग शिक्का. तो शिशाचा, दोरीला लटकवलेला. एका बाजूला सिंहासनावर बसलेला राजा, दुसऱ्या बाजूला जेरुसलेममधल्या तीन इमारती: दाविदाचा बुरूज, होली सेपल्कर चर्च (येशूच्या थडग्यावरचं) आणि डोम ऑफ द रॉक, जो तेव्हा चर्च म्हणून वापरात होता. भोवती लॅटिन अक्षरं, 'सर्व राजांच्या राजाची नगरी'. जिंकलेल्या मुसलमान इमारतीचं चित्र स्वतःच्या शिक्क्यावर मिरवायचं, यातच काय ते आलं.

हे सगळं लिहून घेणारं ऑफिस फार मोठं नव्हतं. बेथलेहेमचा बिशप राल्फ बरीच वर्षं चॅन्सेलर, म्हणजे या ऑफिसचा प्रमुख, होता, त्याच्यानंतर ११७४ मध्ये विल्यम आला, तोच पुढच्या वर्षी टायरचा आर्चबिशप झाला आणि ज्याने या राज्याचा मोठा लॅटिन इतिहास लिहिला तोही हाच. सरकारी कागद हाताखालून जाणारा माणूस इतिहासकार असला की फायदा होतो, काही करारांचा मजकूर त्याने आपल्या ग्रंथात सरळ उतरवून ठेवलाय.

सगळ्याच सनदा जमिनीच्या नव्हत्या. ११२० मध्ये बाल्डविन दुसरा याने जेरुसलेमच्या वेशीवरची जकात माफ केली, आणि गहू, सातू, डाळी-कडधान्यं आणायची मुभा नुसत्या लॅटिन ख्रिश्चनांना नाही तर ग्रीक, आर्मेनियन, सिरियन आणि मुसलमानांनाही दिली. वीसेक वर्षांपूर्वी याच शहरात मुसलमानांची कत्तल झाली होती, तिथे आता त्यांनी धान्याची ओझी घेऊन यावं म्हणून राजा सूट देतोय. कारण सरळ आहे, शहरात माणसं कमी होती आणि खायला स्वस्त मिळाल्याशिवाय कोणी येऊन राहणार नव्हतं.

वस्ती वाढवायचीच दुसरी सनद बेथगिबेलिनची. हे ठिकाण राजा फुल्कने ११३६ मध्ये हॉस्पिटलरांना दिलं आणि तिथे युरोपातून आलेल्या शेतकऱ्यांना वसवायच्या ज्या अटी होत्या त्या ११६८ मध्ये संघाच्या प्रमुखाने परत पक्क्या करून दिल्या. ३२ कुटुंबं, प्रत्येकाला शेतजमीन, ती वारसांना देण्याचा आणि काही अटींवर विकण्याचाही हक्क, बदल्यात पिकातला वाटा. नावांवरून माणसं कुठली ते कळतं, कोणी ओव्हर्नचा, कोणी गॅस्कनीचा, कोणी लोम्बार्डीचा, कोणी कॅटलोनियाचा. क्रूसेड म्हटलं की घोडा आणि चिलखत डोळ्यापुढे येतं, पण नांगर धरणारी ही माणसंही तिथे होती आणि त्यांचे हक्क लेखी होते.

इटलीवाल्यांचे कागद

राज्य किनाऱ्यावरचं, आरमार मात्र स्वतःचं जवळजवळ नाहीच. बंदरं जिंकायला जहाजं लागायची, ती व्हेनिस, जिनोव्हा आणि पिसा यांच्याकडे, आणि ही मंडळी पुण्य कमावण्याबरोबर हिशोबही चोख ठेवणारी. ११२३ मध्ये बाल्डविन दुसरा तुर्कांच्या कैदेत असताना जेरुसलेमचा पॅट्रिआर्क (तिथला सगळ्यात वरचा धर्मगुरू) वारमुंड याने व्हेनिसशी करार केला. प्रत्येक शहरात व्हेनिसला एक चर्च, एक अख्खी गल्ली, स्नानगृह, भट्टी, टॅक्स काही नाही, आपसातले खटले त्यांचे तेच चालवणार, आणि टायर व अॅस्कलॉन जिंकली तर त्यांचा एक तृतीयांश भाग. वर टायरच्या बाजाराच्या उत्पन्नातून वर्षाला ३०० बेझंट. पुढच्याच वर्षी टायर पडलं. राजा सुटून आल्यावर ११२५ मध्ये त्याने करार मान्य केला खरा, पण टायरमधल्या त्या तिसऱ्या हिश्शाबद्दल व्हेनिसने लष्करी चाकरी द्यायची अशी पाचर मारून. अडलेल्या वेळी दुसऱ्याने सही केलेला कागद परत आपल्या बाजूला थोडा वळवायचा, हे त्याला बरोबर जमलं.

जिनोव्हाची भानगड याहून रंगतदार. ११०४ मध्ये अक्को घेताना त्यांनी मदत केली, त्याबद्दल बाल्डविन पहिला याने अनेक बंदरांतले हक्क आणि उत्पन्नाचा तिसरा हिस्सा देऊ केला आणि ते होली सेपल्कर चर्चमध्ये सोन्याच्या अक्षरांत कोरून ठेवलं, असं त्यांचं म्हणणं. पुढे राजा अमालरिकने ती अक्षरं काढून टाकली अशी त्यांची तक्रार, आणि ही तक्रार घेऊन ते गेले थेट पोपकडे. अलेक्झांडर तिसरा आणि नंतर अर्बन तिसरा या पोपांनी तो लेख परत बसवा म्हणून पत्रं लिहिली. आता प्रश्न असा की मूळ सनद होती का? हान्स एबरहार्ट मायर आणि मारी-लुइझ फाव्रो-लिली या जर्मन अभ्यासकांनी ती फेक ठरवली, इस्रायली इतिहासकार बेन्यामिन केदार यांनी ती खरी असल्याचं मांडलं, आणि वाद अजून पुरता मिटलेला नाही. माझ्या मते इथे खरं-खोटं इतकंच बघून भागत नाही, कारण कागद फेक असला तरी चर्चच्या भिंतीवर सोन्याने लिहिलं तर राजालाही ते सहज मोडता येणार नाही असा हिशोब कोणीतरी केलाच होता ना.

त्याच चर्चशी जोडलेली अजून एक कथा आहे. राज्याचे कायदे वेगवेगळ्या पानांवर लिहून, राजा, पॅट्रिआर्क आणि व्हायकाउंट (शहराचा कारभार बघणारा राजाचा अधिकारी) यांचे शिक्के मारून एका पेटीत ठेवले होते, आणि ती पेटी उघडायला नऊ माणसं हजर लागायची: राजा किंवा त्याचा अधिकारी, त्याचे दोन सरदार, पॅट्रिआर्क किंवा प्रायर (चर्चमधल्या धर्मगुरूंचा प्रमुख), चर्चचे दोन कॅनन (तिथलेच धर्मगुरू), व्हायकाउंट आणि नागरिकांच्या कोर्टाचे दोन पंच. ११८७ मध्ये जेरुसलेम गेलं आणि पेटीही गेली. हे सांगणारे फिलिप ऑफ नोवारा आणि जॉन ऑफ इबेलिन दोघेही तेराव्या शतकातले कायदेपंडित, पेटी स्वतः न पाहिलेले, आणि मूळ ग्रंथ हरवलाय म्हटल्यावर कायदा काय होता ते सांगायचा मान आपोआप त्यांच्यासारख्यांकडे येत होता. म्हणून जरा जपूनच घ्यावं.

युरोपला गेलेली पत्रं

सुरुवातीची पत्रं वाटेत लिहिलेली आहेत. ब्लॉइसचा काउंट स्टीफन याने जून १०९७ मध्ये नायसियाहून बायको अडेलाला कळवलं की अँटिऑकने अडवलं नाही तर पाच आठवड्यांत जेरुसलेमला पोचतो. अँटिऑकने अडवलं. तिथे आठ महिने वेढा पडला, शहर पडायच्या तोंडावर स्टीफन स्वतः पळाला, आणि बाकीचे जेरुसलेममध्ये घुसले ते जुलै १०९९ ला. सप्टेंबर १०९८ मध्ये सगळ्या पुढाऱ्यांनी मिळून पोप अर्बन दुसरा याला लिहिलं की तुमचा प्रतिनिधी अधेमार वारला, आता तुम्हीच या. पोप गेला नाही.

दुसऱ्यांची पत्रंही हाती लागत. मे १०९९ मध्ये सिझेरियाजवळ सैन्याच्या तळावर ससाण्याने मारलेलं एक कबूतर पडलं, त्याच्याकडे अक्कोच्या अमीराची चिठ्ठी होती, ही कुत्र्यांची जात माझ्या मुलखातून गेली, तुम्ही त्यांना त्रास द्या, अशा अर्थाची. सोबत असलेल्या रेमंड ऑफ आगिलेर याने हे नोंदवलंय, त्याला अर्थातच यात देवाचा हात दिसला.

राज्य स्थिरावल्यावरची पत्रं मुख्यतः मागण्याची. माणसं द्या, पैसे द्या, लवकर या. फ्रान्सचा राजा लुई सातवा याला ११६० च्या दशकात अशी पुष्कळ आली, ऑगस्ट ११६४ मध्ये हारिमच्या लढाईत सिरियाचा मुसलमान राज्यकर्ता नूरुद्दीन याने अँटिऑक आणि त्रिपोलीचे राज्यकर्ते एकदम कैद केल्यावर तर जास्तच. याच गठ्ठ्यात टेम्पलर जॉफ्री फुल्चरचं एक पत्र वेगळं उठून दिसतं. निघताना लुईने त्याला सांगितलं होतं की पवित्र जागांना माझा नमस्कार सांग, तर तो कळवतो की तुमची अंगठी मी सगळीकडे बरोबर नेली, प्रत्येक जागेला टेकवली आणि आता परत पाठवतोय, जपून ठेवा. मदतीची मागणी करायच्या आधी राजाचं मन कसं हळवं करायचं ते या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

पत्राने भागत नसे तेव्हा माणसं जात. ११८४ मध्ये पॅट्रिआर्क हेराक्लियस दोन्ही संघांच्या प्रमुखांना घेऊन निघाला, टेम्पलरांचा प्रमुख वाटेत व्हेरोनाला वारला, बाकीचे ११८५ च्या सुरुवातीला इंग्लंडच्या हेन्री दुसऱ्यापुढे पोचले आणि जेरुसलेमच्या चाव्याच गादीसकट त्याच्यापुढे ठेवल्या. हेन्रीने पैसे देऊ केले, स्वतः जायला नाही म्हणाला. दोन वर्षांनी हत्तिनची लढाई झाली आणि सलाहुद्दीनने राज्याचं सैन्य बुडवलं. तिच्यानंतर टेम्पलर टेरिकसने पश्चिमेकडच्या बंधूंना लिहिलेलं पत्र म्हणजे नुसता हिशोब आहे, त्या दिवशी २३० टेम्पलरांची मुंडकी उडवली, त्याआधी १ मेला ६० पडले, आता अमुक शहरं गेली आणि इतकीच उरली. अक्को पडल्यावर हॉस्पिटलरांचा प्रमुख जॉन ऑफ व्हिलिए याने सायप्रसहून लिहिलं, खांद्यांच्या मध्ये भाला लागलाय, लिहिणं फार जड जातंय.

फिर्यादी

याबाबतीत सामग्री सगळ्यात तोकडी, कारण बऱ्याच फिर्यादी तोंडी असायच्या. एक छान प्रसंग सिरियातला अरब सरदार उसामा इब्न मुन्किध याने आपल्या आठवणींत दिलाय. दमास्कसशी तह चालू असताना बनियासच्या फ्रँक (म्हणजे युरोपातून आलेल्या) सरदाराने मेंढ्या पळवल्या, विण्याचा हंगाम होता, कोकरं मेली आणि मग मेंढ्या परत दिल्या. उसामाने राजा फुल्ककडे तक्रार केली. राजाने सहा-सात नाइटांना (घोडेस्वार सरदारांना) सांगितलं, जा आणि निवाडा करा, ते बाहेर जाऊन एकमत करून आले आणि सरदाराला भरपाई द्यायला लावली. ४०० दिनारांवर मिटलं. उसामाला नवल याचं की नाइटांनी एकदा निकाल दिला की तो राजालाही फिरवता येत नाही.

दुसरी केस सिरियन ऑर्थोडॉक्स लोकांची. जेरुसलेमजवळची त्यांच्या चर्चची दोन गावं सुरुवातीच्या धामधुमीत एका जॉफ्री नावाच्या फ्रँक नाइटकडे गेली, तो इजिप्तमध्ये कैद झाला, चर्चला गावं परत मिळाली, आणि तीसेक वर्षांनी, सगळे त्याला मेला समजत असताना, हा ११३७ च्या सुमारास जिवंत परत आला आणि गावं मागायला लागला. मेट्रोपॉलिटन (त्यांचा वरच्या दर्जाचा बिशप) इग्नाशियसने धावपळ केली, राणी मेलिसेंडने (तिची आई आर्मेनियन होती) चर्चची बाजू उचलून धरली आणि शेवटी जॉफ्रीला पैसे देऊन प्रकरण मिटलं. हे कळतं ते लॅटिन कागदातून नाही, ११३८ मध्ये जेरुसलेमच्या मठातल्या एका साधूने पोथीच्या शेवटी सिरियाक भाषेत लिहिलेल्या टिपणातून.

अरबीतलं लिखाणही भरपूर असणार. ११८४ मध्ये स्पेनचा मुसलमान प्रवासी इब्न जुबैर अक्कोला पोचला तेव्हा जकात नाक्याबाहेर गालिचे घातलेल्या बाकांवर ख्रिश्चन कारकून बसले होते, पुढे सोन्याने मढवलेल्या आबनूसच्या दौती, आणि ते अरबीत बोलत होते, अरबीतच लिहीत होते. म्हणजे राज्याचा पैसा ज्यात लिहिला जायचा ती वहीच अरबी होती, आणि तिचं पानही आज आपल्यापुढे नाही.

आज कुठे काय आहे

हॉस्पिटलरांचे कागद संघाबरोबर फिरले, सायप्रस, ऱ्होड्स आणि १५३० पासून माल्टा, आज ते व्हॅलेटाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. होली सेपल्करच्या सनदांच्या वह्या व्हॅटिकनमध्ये, जेरुसलेमजवळच्या जोसाफतच्या मठाचे कागद सिसिलीत, व्यापारी करार त्या त्या शहरांकडे. टेम्पलरांचं पूर्वेकडचं मुख्य दप्तर गेलं, त्यामुळे हॉस्पिटलरांच्या एकेका शेताचा हिशोब सांगता येतो आणि तितक्याच बलाढ्य टेम्पलरांचा नाही. सगळ्या कागदांची पहिली मोठी सूची राइनहोल्ड र्‍योरिश्ट यांनी १८९३ मध्ये काढली, पुरवणी १९०४ ला, आणि राजांच्या सनदांची मायर यांनी केलेली चार खंडांची आवृत्ती २०१० मध्ये आली. मूळ कागद हरवलेल्या पण दुसरीकडे नुसता उल्लेख सापडलेल्या कितीतरी सनदाही मायर यांनी तिच्यात धरल्या आहेत.