रक्त येते म्हणून तिथे ब्रश न लावणे

‘या बाजूला रक्त येतं, म्हणून मी तिकडे ब्रश लावतच नाही,’ हे वाक्य दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तोंडून नेहमी ऐकू येते. जखमेला हात लावू नये, ही आपली साधी समजूत त्यामागे असते. हिरडीच्या बाबतीत मात्र ती नेमकी उलटी ठरते, कारण निरोगी हिरडीतून मऊ ब्रशने रक्त येत नाही. ते येते तेव्हा हिरडीला आधीच सूज असते, आणि बहुतेक वेळा ब्रश न फिरल्यामुळेच ती सूज आलेली असते.

हे १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अगदी स्पष्ट दिसले. डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांना दात स्वच्छ करणे पूर्णपणे बंद करायला सांगितले. १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांनी पुन्हा दात घासायला सुरुवात केली आणि साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. औषध लागले नाही, फक्त दातांवरचा थर निघाला.

हा थर म्हणजे काय? दात घासल्यानंतर काही तासांतच त्यांच्यावर जंतूंचा पातळ, चिकट पापुद्रा बसू लागतो. सुटे जंतू चूळ भरल्याने वाहून जातील, पण या थरात ते स्वतः तयार केलेल्या चिकट द्रव्यात एकमेकांना धरून राहतात. म्हणून माउथवॉशने खळखळून चूळ भरली तरी तो निघत नाही, त्याला घासावेच लागते. न घासलेल्या थरात लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट साचते व काही दिवसांत त्याचे कडक किटण होते. खालच्या पुढच्या दातांच्या मागे जीभ फिरवली की अनेकांना जो खरखरीत कठडा लागतो, तो हाच. लाळग्रंथींची तोंडे तिथे उघडतात, म्हणून किटण तिथे सर्वांत आधी धरते. एकदा ते धरले की घरच्या कोणत्याही ब्रशने निघत नाही.

सूज हिरडीपुरती आहे तोवर सगळे परत मिळवता येते. ती खोलवर उतरली, की दात आणि हिरडी यांच्यातील सांधा सुटू लागतो आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. आपल्याकडे ज्याला लोक ‘पायोरिया’ म्हणतात, तो हा टप्पा. हाडाचा ऱ्हास एकटे जंतू करत नाहीत. त्यांना हुसकावण्यासाठी शरीर जी दीर्घकाळ लढाई चालवते, तिच्यात आपल्याच पेशी हाड विरघळवत जातात. दुर्दैवाने हे सारे बहुतेक वेळा न दुखता घडते. कीड लागलेला दात रात्री झोपू देत नाही, हिरडीचा आजार मात्र दात हलू लागेपर्यंत तक्रारच करत नाही. म्हणूनच दंतवैद्य मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक बोथट सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत अलगद सरकवून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात आणि आकडे सांगत जातात: दोन, तीन, दोन, पाच. तीनपर्यंत ठीक; चारपासून पुढे ब्रश पोहोचू शकत नाही असा खिसा तयार झालेला असतो.

पण अस्वच्छता सर्वांना सारखीच भोवते का? याच लो यांनी १९७० ते १९८५ या काळात श्रीलंकेतील चहामळ्यांत काम करणाऱ्या ४८० पुरुषांचा अभ्यास केला. त्यांना दात घासण्याची सवय नव्हती, दंतोपचार मिळत नव्हते, आणि विशेष म्हणजे त्यांच्या दातांना कीडही जवळजवळ नव्हती. तरीही सुमारे ८ टक्के लोकांत आजार वेगाने वाढला आणि पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे जवळजवळ सगळे दात गेले. ८१ टक्क्यांत तो मध्यम गतीने वाढला. ११ टक्क्यांत तो हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. थर सर्वांच्या दातांवर होता. फरक शरीराच्या प्रतिसादात होता. आनुवंशिकता आपल्या हातात नाही, परंतु हा प्रतिसाद बिघडवणारी दोन मोठी कारणे पुष्कळ अंशी हातात आहेत.

पहिले तंबाखू. धूम्रपानाने हिरडीतील रक्तवाहिन्यांचा प्रतिसाद मंदावतो आणि त्यामुळे आजार असूनही रक्त कमी येते. म्हणजे धोक्याची एकमेव ठळक खूणच पुसली जाते. महाराष्ट्रात याला मशेरीची जोड आहे. तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजून चुरलेली तंबाखू दातांना लावताना, विशेषतः अनेक बायकांना, आपण व्यसन करत आहोत असे वाटतच नाही. दात घासणे आणि तंबाखू घेणे एकच होऊन बसते. १९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यावर बंदी घातली, पण घरच्या तव्यापर्यंत हा कायदा पोहोचत नाही. आईला किंवा आजीला मशेरी सोडवायची तर ती लाजेची बाब न करता, इतर कोणत्याही व्यसनासारखी मदत तिला मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते.

दुसरे कारण मधुमेह, आणि हे नाते दोन्ही बाजूंनी चालते. साखर आटोक्यात नसेल तर हिरडीचा आजार बळावतो. हिरडीतील दीर्घकाळची सूज इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते आणि साखर चढते. हिरड्यांवर नीट उपचार केल्यास तीन-चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारा टक्क्यांतला आकडा, सरासरी सुमारे ०.४ ने उतरतो, असे दिसून आले आहे. मधुमेहाच्या तपासणीत पाय आणि डोळे पाहिले जातात, तसे तोंडही पाहिले गेले पाहिजे. याखेरीज गरोदरपणातील संप्रेरकांमुळे हिरड्या सुजतात, आणि अॅम्लोडिपिन (रक्तदाबावरील) किंवा फेनिटोइन (फिट्सवरील) यांसारख्या औषधांनी काहींच्या हिरड्या वाढतात. अशा वेळी गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

घरची काळजी साधी आहे, पण ती नेमक्या जागी घ्यावी लागते. मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी तिरपा धरून हलक्या हाताने, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे फिरवावा. जोर लावला तर हिरडी दातावरून मागे सरते, थर मात्र फटीत तसाच राहतो. दोन दातांमधील जागेत ब्रश जात नाही आणि आजार बहुधा तिथूनच सुरू होतो, म्हणून तिथे रोज एकदा दातांसाठीचा दोरा (फ्लॉस) किंवा फटींसाठीचा बारीक ब्रश फिरवावा.

किटण काढल्याने दात ढिले होतात, हा समज फार खोल रुजलेला आहे. त्यामागे खरा अनुभव आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा. हाड झिजलेल्या दातांना किटणाचा थर प्लास्टरसारखा एकत्र धरून ठेवतो. तो निघाला की आधीपासूनच हलणारे दात हलताना जाणवतात. सूज ओसरल्याने हिरडी आकसते, फटी दिसतात, आणि उघड्या पडलेल्या मुळांना गार पाणी काही आठवडे झोंबते. दोरा किंवा बारीक ब्रश नव्याने सुरू करणाऱ्याला पहिले काही दिवस रक्त दिसेल. तेव्हा थांबू नये. आठवड्या-दोन आठवड्यांत ते बंद होते. झाले नाही, तर किटण हिरडीखाली गेलेले आहे असे समजून दंतवैद्याकडे जावे.