मलकीसदेक

मलकीसदेक : बायबलमधील शालेमचा राजा व परात्पर देवाचा याजक. जुन्या करारात त्याचे नाव दोनच ठिकाणी येते : उत्पत्तीच्या १४ व्या अध्यायातील तीन वचनांत (१८–२०) आणि ११० व्या स्तोत्रात. तो कोणाचा मुलगा, त्याला याजक कोणी नेमले, पुढे त्याचे काय झाले, याबद्दल एक अक्षरही नाही.

शत्रुराजांचा पराभव करून, पुतण्या लोट याला सोडवून अब्राम (पुढे अब्राहाम) परततो. सदोमाचा राजा त्याला सामोरा येतो. दोघांचे बोलणे सुरू होण्याआधीच मलकीसदेक भाकर व द्राक्षारस घेऊन हजर होतो, अब्रामाला आशीर्वाद देतो, दशमांश दिला जातो आणि त्याची गोष्ट संपते. पुढच्याच वचनात सदोमाचा राजा बोलू लागतो. ही तीन वचने गाळली तरी कथा कुठे अडत नाही. त्यामुळे ती मागाहून घातली गेली असावीत, असे अनेक अभ्यासकांना वाटते. मूळ हिब्रूत तर दशमांश कोणी कोणाला दिला हेही नाव घेऊन सांगितलेले नाही. अब्रामाने दिला, हे परंपरेने ठरवले.

शालेम म्हणजे यरुशलेम, असे इतिहासकार योसेफस लिहितो. संत जेरोम मात्र ते उत्तरेकडील बेथ-शान या नगराजवळ दाखवतो.

यहुदी रब्बींनी मलकीसदेक म्हणजे नोहाचा मुलगा शेम, असे उत्तर काढले. उत्पत्तीतील वयांची बेरीज केली तर शेम अब्राहामानंतरही ३५ वर्षे जगतो, म्हणजे हिशेब जुळतो! पण तालमुद या यहुदी धर्मग्रंथात त्याची कानउघाडणीही आहे : त्याने देवाआधी अब्रामाला धन्य म्हटले, म्हणून याजकपद त्याच्याकडून काढून अब्राहामाला दिले गेले.

ख्रिस्ती विचारात त्याला महत्त्व आले ते नव्या करारातील ‘इब्री लोकांस पत्र’ यामुळे. यहुदी याजक लेवीच्या वंशातले आणि येशू यहूदाच्या वंशातला. मग तो महायाजक कसा? पत्रकर्ता शास्त्राच्या मौनालाच पुरावा करतो. मलकीसदेकाचे आईवडील, जन्म, मृत्यू यांची नोंद नाही, म्हणून तो सदाचा याजक, आणि येशू त्याच्यासारखाच. शिवाय लेवी तेव्हा पणजोबा अब्राहामाच्या देहातच होता, म्हणजे त्यानेही दशमांश दिला आणि मलकीसदेक लेवीहून थोर ठरला. आज हा युक्तिवाद वकिली वाटतो, पण त्याशिवाय ती अडचण सुटत नव्हती.

असा विचार करणारा हा लेखक एकटा नव्हता. मृत समुद्राकाठी कुमरानच्या ११ व्या गुहेत १९५६ मध्ये सापडलेल्या एका फाटक्या गुंडाळीत मलकीसदेक शेवटच्या काळी बलियाल या दुष्ट शक्तीच्या म्होरक्याचा न्याय करणारा स्वर्गीय पुरुष आहे. पुढे काही ख्रिस्ती पंथीयांनी त्याला ख्रिस्ताहूनही थोर ठरवले. चर्चने ते पाखंड मानले. रोमन कॅथलिक मिस्साच्या पहिल्या ख्रिस्तप्रसाद प्रार्थनेत हाबेल व अब्राहाम यांच्यानंतर त्याचे अर्पण आजही आठवले जाते.