काळी बिअर जास्त चढते का?

‘बिअर जितकी काळी, तितकी कडक’ असं वर्षानुवर्षं फिरतंय. डोळ्यांना पटतंही. पण रंग येतो भाजलेल्या माल्टमधून (म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य), तर अल्कोहोल यीस्टने खाल्लेल्या साखरेतून. घरी बिअर करणारे तर ती आंबून झाल्यावरही रंग बदलतात: काळा माल्ट गार पाण्यात भिजवायचा, पाणी गाळून उकळायचं, निवलं की थोडंथोडं मिसळायचं. सोनेरी बिअर तपकिरी होते; अल्कोहोलचा टक्का वाढत नाही, उलट त्या पाण्याने किंचित उतरतोच. (चवीत भाजका कडवटपणा येऊ शकतो, हात आखडता ठेवलेला बरा.) खात्री करायची तर लेबलवरचा टक्का वाचा. काळ्याकुट्ट आयरिश स्टाउटमध्ये बहुतेक वेळा ४ ते ५, फिकट सोनेरी बेल्जियन स्ट्राँग एलमध्ये ८ किंवा त्याहूनही जास्त.