स्थगिती की आरक्षण? दोन्हींना आपण 'बंदी'च म्हणतो

पुण्यात बाणेर-बालेवाडीत फ्लॅट बघतोय म्हणून सांगा, कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे, तिकडे बंदी होती ना?" बावधनच्या टेकडीलगत गुंठे घ्यायचं नाव काढा, पुन्हा तेच: "तिकडे बंदी आहे." शब्द एकच, पण पहिल्या वाक्यातली बंदी म्हणजे परवानग्यांवरची स्थगिती आणि दुसऱ्यातली बहुतेक वेळा बीडीपीचं, म्हणजे टेकड्यांवरच्या जैवविविधता उद्यानाचं, आरक्षण. या दोन गोष्टींची गल्लत झाली की एकतर चांगला व्यवहार हातचा जातो, नाहीतर नको तो गळ्यात पडतो.

आधी स्थगिती. बाणेर-बालेवाडीत इमारती उठत होत्या, सोसायट्या टँकरवर जगत होत्या आणि महापालिका नवे नकाशे मंजूर करतच होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०१६ मध्ये न्यायालयाने तिथल्या नव्या परवानग्या थांबवल्या. पुढच्याच वर्षी ठाण्यात घोडबंदर रोडवर पाण्यावरूनच तसा आदेश झाला. मुंबईत कारण कचऱ्याचं होतं, म्हणजे देवनार आणि मुलुंडच्या डंपिंग ग्राउंडचं. या प्रकारात तुमच्या जमिनीला काहीच होत नाही. रहिवासी झोन रहिवासीच राहतो, एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं त्याचं प्रमाण) तेवढाच, सातबाऱ्यावर नाव तुमचंच. फक्त नवी फाईल पुढे सरकत नाही आणि हे त्या भागातल्या सगळ्यांना सारखंच लागू असतं.

आता कुणी विचारेल, पाणी नाही हे पालिकेलाच दिसतं, मग तिनेच का नाही थांबवत? एमआरटीपी कायद्याचं, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याचं, कलम ४५ आड येतं. अर्जावर ६० दिवसांत निर्णय दिला नाही आणि प्रस्ताव आराखड्याला, नियमांना धरून असेल, तर परवानगी मिळाल्याचं मानलं जातं. नुसतं फाईल दाबून बसण्याला कायद्याचा आधार नाही. (दाबून बसतात ती गोष्ट वेगळी.) म्हणून खरीखुरी स्थगिती येते ती न्यायालयाकडून, किंवा राज्य सरकारने निर्देश दिले तर.

फ्लॅट घेणाऱ्याला स्थगितीचा फटका कुठे बसतो, तर रिवाईज्ड प्लॅनमध्ये, म्हणजे नंतर बदलून मंजूर करून घ्यायच्या नकाशात. पुण्यात बिल्डर पुष्कळदा आधी सात मजल्यांची कमेन्समेंट (काम सुरू करायची परवानगी) घेतो, वरचे मजले "रिवाईज्डमध्ये येतील" म्हणून सांगतो आणि बुकिंग मात्र अकराव्यापर्यंत घेत सुटतो. मधेच स्थगिती आली तर सातव्यावाल्याचं काम बहुधा चालू राहतं, अकराव्यावाला हप्ते भरत हवेत. त्यामुळे ब्रोशर बाजूला ठेवा आणि मंजूर नकाशात आपला मजला आहे का ते बघा. स्थगितीचा आदेशही मुळातून वाचावा: थांबवलंय ते नव्या परवानग्यांपुरतं की भोगवटा पत्रंसुद्धा? पुनर्विकास वगळलाय का? मुंबईच्या आदेशात तो वगळला होता.

आरक्षणाची तऱ्हाच निराळी. विकास आराखड्यात ठरावीक जमिनीवर शाळा, बाग, रस्ता किंवा दवाखाना दाखवला की ते आरक्षण. ते सर्व्हे नंबरवर बसतं, शेजारच्या प्लॉटवर नसेलही. बीडीपी हे त्यातलंच सगळ्यात गाजलेलं: १९९७ ला पालिकेत आलेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवरची सुमारे ९७८ हेक्टर जमीन. राज्याने २०१५ मध्ये त्यावर शिक्का मारला आणि मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) ठेवला. तो फारच कमी, असं जमीनमालक म्हणत आले आहेत.

आता यातली गंमत. स्थगिती तात्पुरती म्हणतात, पण तिला तारीख नसते. पाणी येईल, कचऱ्याची सोय होईल तेव्हा ती उठणार. मुंबईची २०१६ ची होती, सर्वोच्च न्यायालयाने ती सैल केली मार्च २०१८ मध्ये, तीही अटी घालून आणि सहा महिन्यांपुरती. उलट, आरक्षण जन्मभराचं वाटतं, पण त्याला कायद्यानेच घड्याळ लावलंय. एमआरटीपीच्या कलम १२७ प्रमाणे अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक कागदपत्रांसह नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्याची पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण आपोआप रद्द. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, मग बारा झाली, २०१५ पासून चोवीस. आणि 'पावलं' म्हणजे सभेत ठराव करून वर प्रस्ताव पाठवणं नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सांगितलंय.

इथे एक तिसरंच लफडं मधे घुसतं. डोंगरमाथा-डोंगरउतार हा झोन आहे, म्हणजे जमीन कशासाठी वापरायची त्याचा नियम, आरक्षण नव्हे. १२७ चं घड्याळ झोनला लागत नाही. "दहा वर्षं झाली की मोकळी होईल" असं सांगून असा प्लॉट कुणी गळ्यात मारत असेल तर चहा प्यावा आणि उठावं.

सातबाऱ्यावर यातलं काही दिसेल अशा भरवशावर राहू नये. आरक्षण आणि झोन समजतो पालिकेच्या झोन दाखल्यावरून. स्थगिती झोन दाखल्यावरही सापडणार नाही, कारण ती जमिनीवर नसतेच. ती न्यायालयाच्या आदेशात किंवा सरकारच्या निर्देशात शोधायची, आणि आदेश जुना असेल तर पुढे त्यात काय बदल झाले तेही.

पुणे महापालिकेच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा राज्याने जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. म्हणजे त्यात नव्याने पडलेल्या आरक्षणांची दहा वर्षं २०२७ पासून भरायला लागतील, आणि नोटिशीनंतरचे २४ महिने धरले तर गोष्ट २०२९ वर जाते. अशी जमीन आज कुणी 'सुटणारच आहे' म्हणून विकत असेल, तर भाव त्या हिशेबाने लावावा.