खाडा आणि पिशवी

ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगामाआधी मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा कंत्राटदार, या जोडीला उचल (आगाऊ रक्कम) देतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत ऊस तोडून ती फेडायची असते. एक जण थांबला की जोडीचं काम अडतं, म्हणून न भरलेल्या दिवसाचा ‘खाडा’, म्हणजे दंड, लागतो, बऱ्याचदा पाचशे रुपये. 2024 मध्ये तोडणीचा दर टनाला 366 रुपये झाला. जोडीनं दिवसाला दोन टन तोडला असं धरलं, तर पाळीच्या दिवशी कोपीत (पाचटाच्या झोपडीत) पडून राहण्याची किंमत होते 732 अधिक 500, म्हणजे 1,232 रुपये.

फडाजवळ संडास नसतो, न्हाणी नसते. आडोसा मिळणार नाही म्हणून बाई दिवसभर पाणी कमी पिते. लघवी कमी होते, तुंबते आणि मूत्रमार्गात जंतू वाढतात. पाळीचं कापड धुऊन उन्हात वाळवायला जागा नाही. तेच ओलसर कापड पुन्हा वापरात येतं. अंगावरून पांढरं जाऊ लागतं. हा बहुतेकदा साधा संसर्ग असतो. तपासून योग्य गोळ्या दिल्या, तर साधारण आठवड्यात आटोक्यात येतो. काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं. पण दवाखान्यात जायचं म्हणजे पुन्हा खाडा! दुखणं हंगाम संपेपर्यंत अंगावर काढलं जातं. मग गावाकडे खासगी दवाखान्यात कर्करोगाची भीती घातली जाते आणि ‘पिशवी (गर्भाशय) काढून टाका’ असं सांगितलं जातं.

2019 मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या, राज्य सरकारनं नेमलेल्या चौकशी समितीसमोर बीडचा हिशेब आला: 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली. सुमारे 17 टक्के! देशात 15 ते 49 वयाच्या बायकांत हे प्रमाण साधारण 3 टक्के आहे. पिशवीबरोबर बीजकोषही काढले, तर रजोनिवृत्ती वयाआधीच, एकदम येते. तिशीतच हाडं ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. ऑपरेशनचा खर्च अनेकदा पुढच्या उचलीतून भागतो, म्हणजे तोच फड, तीच मोळी.

त्यानंतर बीडमध्ये अशा ऑपरेशनला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. ती हवीच होती, पण ती शेवटच्या पायरीवर लागते. आधीच्या पायऱ्या मुकादमाच्या वहीत आहेत: आजारपणाचा आणि पाळीचा खाडा बंद करणं, त्या दिवसांची मजुरी देणं, तळावर पाणी आणि संडास असल्याशिवाय तोड सुरू न करणं, आणि बाईची मजुरी नवऱ्याच्या नव्हे, तिच्या स्वतःच्या खात्यावर जमा करणं.