अँपवरचा ओहमचा स्विच आणि कॅबवरचा ओहमचा स्विच

ट्यूब अँपच्या, म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या गिटार अँप्लिफायरच्या, मागच्या बाजूला ४, ८, १६ असे आकडे असलेला स्विच असतो. बऱ्याच मोठ्या गिटार कॅबिनेटच्या (स्पीकरच्या पेटीच्या, म्हणजे कॅबच्या) मागेही ४ आणि १६ लिहिलेला स्विच सापडतो. आकडे सारखे दिसले की काम सारखंच असणार असं वाटतं, आणि मग ‘अँप ८ वर आहे ना, मग कॅब कितीचं का असेना’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. कॅबवरचा स्विच स्पीकरची जोडणी बदलतो, म्हणजे लोडच (स्पीकरचा ओहममध्ये मोजला जाणारा अडथळा) बदलतो. अँपवरचा स्विच फक्त पुढे केवढा लोड आहे ते अँपला कळवतो.

पॉवर ट्यूबना समोर काही हजार ओहमचा लोड लागतो, आणि स्पीकर तर चार-आठ ओहमचे. ही तफावत आउटपुट ट्रान्सफॉर्मर भरून काढतो, तीही त्याच्या दोन बाजूंच्या तारेच्या वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने. वेढे २० ला १ असतील तर इम्पीडन्स, म्हणजे हा ओहममधला अडथळा, ४०० पट होतो आणि ८ ओहमचं कॅब ट्यूबना ३२०० ओहमचं दिसतं. त्याच टॅपवर (ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांमधून बाहेर काढलेल्या त्याच जोडणीवर) १६ ओहमचं कॅब लावलं, की ट्यूबना ६४०० दिसतात. १६ चा टॅप निवडल्यावर गुणोत्तर बदलतं आणि ट्यूबना पुन्हा ३२०० दिसू लागतात. अँपवरच्या स्विचचं, म्हणजे सिलेक्टरचं, काम इतकंच. ट्रान्झिस्टरच्या अँपला बहुधा हा ट्रान्सफॉर्मरच नसतो, म्हणून सिलेक्टरही नसतो. तिथे ‘किमान ४ ओहम’ एवढी अट पाळायची. जास्त ओहमचं कॅब लावलं तर अँप कमी वॉट देतो, बिघडत काही नाही.

खरी गंमत कॅबच्या आत आहे. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात आणि एकसर, म्हणजे सिरीजमध्ये जोडले की १६. या दोन जोडण्यांमध्ये अदलाबदल करायला सहा पायांचा डीपीडीटी (एकाच वेळी दोन जोडण्या बदलणारा) स्विच पुरतो. जॅकची टिप (टोकाचा संपर्क) पहिल्या स्पीकरच्या प्लसला आणि स्लीव्ह (बाहेरचा संपर्क) दुसऱ्याच्या मायनसला कायमची जोडायची. पहिल्याचा मायनस आणि दुसऱ्याचा प्लस स्विचच्या मधल्या दोन पायांवर आणायचा. वरच्या पायांपैकी पहिल्याच्या मायनसच्या रांगेतला स्लीव्हला आणि दुसऱ्याच्या प्लसच्या रांगेतला टिपला. खालचे दोन्ही पाय एका तारेने एकमेकांना. मधले पाय वरच्यांना जोडले गेले की समांतर, खालच्यांना जोडले गेले की एकसर.

चार स्पीकरच्या कॅबलाही हेच तंत्र चालतं. १६ ओहमचे चार घेऊन दोन-दोन समांतर जोडले की ८ ओहमच्या दोन जोड्या मिळतात. प्रत्येक जोडीला एक स्पीकर समजून वरचीच वायरिंग केली की ४ आणि १६. मार्शल कंपनीच्या १९६० या कॅबवर मोनोला ४ किंवा १६ आणि स्टिरिओला दोन्ही बाजूंना ८-८ असे आकडे दिसतात, ते याच हिशोबाने.

स्विच घेताना मध्ये ‘ऑफ’ नसलेलाच घ्यावा. चुकून मध्यावर राहिला तर अँपसमोर लोडच उरत नाही, आणि ट्यूब अँपला याहून घातक काही नाही: ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज इतकं चढतं की इन्सुलेशन फुटू शकतं. साधा दोन स्थितींचा स्विचसुद्धा फिरताना क्षणभर दोन्हीकडून तुटलेला असतो. आधी जोडून मग तोडणारा प्रकार तर आणखी वाईट, कारण या वायरिंगमध्ये तो टिप आणि स्लीव्ह क्षणभर शॉर्ट करतो, आणि ते ट्रान्झिस्टर अँपला मारक आहे. त्यामुळे कुठलाही स्विच घेतला तरी वाजवता वाजवता तो फिरवायचा नाही. अँप बंद, मग कॅब, मग अँपचा सिलेक्टर, याच क्रमाने. करंटचंही पाहावं: १०० वॉट ४ ओहममध्ये म्हणजे ५ अँपिअर. तो दोन्ही बाजूंत वाटला जातो हे खरं, पण नाजूक मिनी टॉगलच्या भरवशावर राहू नये.

समांतर आणि एकसर जोडणीतल्या आवाजाच्या फरकावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो बिघाडातला फरक. एकसर जोडणीत एका स्पीकरची कॉइल तुटली की सगळंच गप्प होतं आणि ट्यूब अँप लोडशिवाय राहतो. समांतर जोडणीत दुसरा वाजत राहतो, पण सगळा भार त्याच्यावर येतो.

अँप लावण्याआधी जॅकवर मल्टीमीटर धरून दोन्ही स्थिती तपासा. मीटर कॉइलचा डीसी रोध दाखवतो, तो नावाच्या ओहमपेक्षा कमीच असतो. ८ च्या दोन स्पीकरना समांतरमध्ये साधारण ३ ते ३.५ आणि एकसरमध्ये १२ ते १४ यायला हवेत. उलटा जोडलेला स्पीकर मात्र मीटरला कळत नाही. त्यासाठी ९ व्होल्टची बॅटरी जॅकला क्षणभर टेकवा, प्लस टिपला. दोन्ही स्पीकरचे कोन (पुढचे पडदे) एकाच दिशेने सरकले पाहिजेत. एक पुढे आणि एक मागे गेला, तर बास गळून जाईल; मागे गेलेल्या स्पीकरच्या दोन तारांची अदलाबदल करा.